न्यायाधीश मतांनी निवडावा काय?

(वर्धा जिल्ह्यातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरपंच आपण निवडतो, आमदार व खासदार आपण निवडतो. मग आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या कोर्टात बसणारा न्यायाधीश आपण का निवडू नये, असा प्रश्न आपल्यातील तरुण मला वारंवार विचारतात. आपला एखादा वकील उभा करावा, पक्षाने त्यास तिकीट द्यावे, सर्वांनी मिळून त्यास निवडून आणावे, म्हणजे आपल्या फिर्यादीची दाद लागेल, असा त्यामागील विचार आहे. ज्याने अन्याय सोसला त्याच्याच मनात हा प्रश्न उठतो. म्हणून तो हसण्यावारी न नेता त्याचा नीट विचार केला पाहिजे.

अशी पद्धत जगात आहे. अमेरिकेत संघराज्याचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने नेमतात. परंतु अनेक घटक राज्यांत ते मतांनी निवडले जातात. टेक्सास राज्यात वकील एखाद्या पक्षाचा उमेदवार म्हणून उभा राहतो, निधी जमवतो, प्रचार करतो आणि जिंकल्यास न्यायासनावर बसतो. या पद्धतीची जमेची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१८ साली त्या राज्याच्या हॅरिस परगण्यात, म्हणजे ह्यूस्टन शहराच्या परिसरात, १७ कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच निवडणुकीत न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. जेथे पीडितांचे मत मोजले जाते आणि त्यांची संख्या पुरेशी असते, तेथे मतपेटी न्यायासनाचे दार उघडू शकते.

आता दुसरी बाजू पाहा. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एका कोळसा कंपनीविरुद्ध ज्युरीने ५ कोटी डॉलरचा निवाडा दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जाणार होते. २००४ साली त्या न्यायालयाची निवडणूक आली, तेव्हा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लक्ष डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला आणि पुढे कंपनीचे अपील त्याच्याच समोर आले. त्याने बाजूस होण्यास नकार दिला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. अखेर २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले की, त्या न्यायाधीशाने या खटल्यात बसावयास नको होते. दुसरा पक्षकार लढत राहिला म्हणून हे उघडकीस आले. आपल्यातील किती कुटुंबांना इतकी वर्षे आणि इतका पैसा वेचता आला असता?

आणि जेथे पीडितांना मतच नव्हते तेथे काय घडले? १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. तेथील शेरीफ मतांनी निवडलेला आणि ज्युरी केवळ गोऱ्या पुरुषांची. कृष्णवर्णीयांना मतदार यादीच्या बाहेर ठेवलेले असल्याने ज्युरीतही त्यांना जागा नव्हती. साधारण तासाभरात आरोपी निर्दोष सुटले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकात खुनाची कबुली दिली.

हा धोका बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखला होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले. गावच्या पंचायतीस न्यायदानाचे अधिकार द्यावेत या कल्पनेस त्यांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जातिभेदाने चिरफाळलेल्या गावात मतांवर निवडून आलेला पंच स्वतंत्र राहू शकत नाही. पुढे १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतींची तरतूद झाली, परंतु कालांतराने ती काढून टाकण्यात आली. २००८ साली संसदेने ग्रामन्यायालयांचा कायदा केला, तेव्हा त्यातील न्यायाधिकारी निवडून देण्याऐवजी राज्यशासनाने उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमावा, असेच ठरविले.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेला आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळलेला हा कायदेपंडित १९५२ साली मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत पराभूत झाला. १९५४ साली आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली, तेथेही पराभूत झाला. न्यायासन जर मतांनीच मिळावयाचे असते, तर या देशाने खुद्द बाबासाहेबांनाही ते दिले नसते! मतांची बेरीज ही विद्वत्तेची किंवा निःपक्षपातीपणाची परीक्षा नव्हे. राज्य कोणी करावे हे बहुमताने ठरते. परंतु बहुमत चुकले असता एकट्या माणसाने जेथे उभे राहावयाचे, ती जागाच बहुमताच्या हाती दिली, तर त्याने जावे कोठे?

याचा अर्थ नेमणुकीची पद्धत निर्दोष आहे असा नव्हे. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले की, नेमणुकीचा निरंकुश अधिकार शासनाच्या हाती नको, तसाच तो सरन्यायाधीशांच्या एकट्याच्या संमतीवरही अवलंबून नको, कारण तेही अखेर माणूसच आहेत. सांप्रत उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या नेमणुकींत ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाचा शब्द चालतो. तेथे आरक्षण नाही आणि आपल्या समाजाची माणसे तेथे अत्यल्प आहेत. ही उणीव मोठी आहे, आणि ती आपण बोलून दाखविलीच पाहिजे. तथापि दार अगदीच बंद नाही. अमरावतीत जन्मलेले, नागपूर खंडपीठात वकिली केलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षीच्या २३ नोव्हेंबरपर्यंत त्या पदावर होते. त्या आसनावर बसलेले ते पहिले बौद्ध होत.

खालच्या न्यायालयांचे दार तर अधिक उघडे आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षा घेतो आणि तेथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी किमान ३ वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणून कायद्याची पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींना ही ३ वर्षे टिकून राहण्यास आधार द्या. या काळात कमाई तुटपुंजी असते आणि गरिबाघरचा वकील येथेच गळतो. एखाद्या उमेदवाराच्या प्रचारासाठी आपण जशी वर्गणी काढतो, तशी ती या मुलांच्या पुस्तकांसाठी का काढू नये?

आता घराघरांत लक्षात ठेवावयाच्या काही गोष्टी सांगतो.

पहिली : २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा, वाटणीचा तंटा गावात मिटत असेल तर जरूर मिटवा. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा गावच्या बैठकीत मिटविण्याचा अधिकार कोणत्याही समितीस नाही. समझोत्याच्या कागदावर सही करण्याचा आग्रह झाला, तर सही करू नका.

दुसरी : धर्मांतराने हे संरक्षण जाते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा कायम मिळाला आहे.

तिसरी : आरोपीच्या जामीन अर्जावर निर्णय होण्यापूर्वी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडितास याच कायद्याने दिला आहे. तारखेस हजर राहा आणि तो बजावा.

चौथी : अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

बंधुभगिनींनो, कोर्टात बसलेला न्यायाधीश आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा असावा, एवढीच आपली मागणी असेल, तर उद्या दुसराही तेच मागेल, आणि त्यांची संख्या आपल्याहून मोठी आहे. आपली मागणी याहून मोठी असली पाहिजे. न्यायासनाकडे जाणारी वाट सर्वांना सारखी खुली असावी आणि तेथे पोहोचलेल्याने कोणाच्याही मताची, पैशाची वा पक्षाची भीड बाळगू नये. मत द्यावयाचे तेथे निर्भयपणे द्या. आणि न्याय मागावयाचा तेथे कागद, साक्षीदार आणि कायदा घेऊन ताठ मानेने उभे राहा. आपल्यातील जो कोणी उद्या त्या आसनावर बसेल, त्याच्यापुढे आपला शत्रूही निःशंक मनाने उभा राहील, असा न्यायाधीश आपल्या घरातून तयार झाला पाहिजे. जयभीम.