किल्ली कोणाच्या हाती?

नागपूरच्या विमानतळालगत मिहानमध्ये संगणकावर चालणाऱ्या कचेऱ्या पुष्कळ आहेत. अशा कचेरीतील सामाईक दप्तर एकेकाच्या नावे खुले करीत गेल्यास, मनुष्य नोकरी सोडून गेला तरी त्याची एखादी किल्ली मागे राहून जाते. म्हणून अधिकार व्यक्तीस न देता गटास द्यावा. युनिक्स पद्धतीत मालक, गट व इतर असे तीन वर्ग असतात. वाचनास 4, लेखनास 2, दप्तरात शिरण्यास 1 असे अंक असून त्यांची बेरीज मांडतात. 750 म्हणजे मालकास सर्वाधिकार, गटास शिरून वाचण्याची मुभा, इतरांस मज्जाव. गटातून नाव कमी केले की पुढील प्रवेशापासून त्या गटाची सारी दारे मिटतात. शाळेच्या कपाटाची किल्ली बदली झालेल्या शिक्षकापाशी राहिली, तर दोष त्याचा नव्हे. ती परत न मागणाऱ्याचा होय.