भीतीचं निदान कोण करणार?

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली होती. आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. तीन आठवडे ती रोज रात्री पांघरुणात मोबाइलवर शोधत राहिली. दिवसा वॉर्डात पेशंटना धीर द्यायची, स्वतःबद्दल मात्र कुणाशी बोलली नाही. का? रेक्टरबाईंना कळलं तर घरी फोन जाईल, घरी कळलं तर लग्नाचं अडेल. शेवटी तपासणी झाली. फायब्रोॲडिनोमा निघाला. तरुण मुलींमध्ये नेहमी आढळणारी, कर्करोगाची नसलेली गाठ.

जो रोग शिकवला तो आपल्यालाच झालाय असं वाटणं वैद्यकीय विद्यार्थ्यांना नवं नाही. पण पूर्वी पुस्तक मिटता यायचं. २००९ साली मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी दाखवलं, की साध्या डोकेदुखीपासून सुरू झालेला शोध मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचू शकतो. गंभीर रोगांबद्दल भरपूर लिहिलेलं असतं, म्हणून ते रोग तितकेच सर्रास होतात असं वाचणारीला वाटतं.

बाईला आपलं शरीर कळलं पाहिजे, ही आपल्या चळवळीची जुनी मागणी. ती चुकीची नव्हती. पण आपल्या आधीच्या कार्यकर्त्या शिबिरात गोल करून बसायच्या. एकीनं विचारलं की दुसरी म्हणायची, "मलाही असंच होतं." ही मुलगी माहितीसोबत एकटीच होती.

मात्र एक सांभाळू या. "तुला काही झालं नाही, सगळे मनाचे खेळ आहेत," हे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलंय. त्यात खरी दुखणी दडपली गेली. म्हणून आधी तपासणी, मग भीतीबद्दल बोलणं. तपासणीत काही निघालं नाही, तरी शोधणं थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर तेही दुखणंच आहे. त्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आपण दोन मागण्या लावून धरू. प्रत्येक नर्सिंग कॉलेजात विद्यार्थिनींना स्त्री-डॉक्टरकडे जाता यावं आणि तपासणीची गोष्ट तिच्या संमतीशिवाय घरी कळवली जाऊ नये.

ती मुलगी आता पहिल्या वर्षाच्या मुलींना सांगते, "गाठ लागली तर रात्री फोन उघडू नको, मला उठव. सकाळी दोघी मिळून ओपीडीत जाऊ."