कलावंतांची बैठक आणि पवारणा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळची वंदना आटोपली की विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दहा-बाराजण बसतो. कुणी कविता करतो, कुणी गातो, दोघे-तिघे चित्रं काढतात. जो तो आपलं काम मांडतो आणि बाकीचे त्यातलं उणं-अधिक सांगतात. आत भांडणं चालतात, अशी तक्रार मध्यंतरी कमिटीकडे गेली होती. बहुधा म्हणूनच आज आम्हाला बोलायला उभं केलंय.

आपल्या शहरात ही गोष्ट नवी नाही. बाबासाहेबांनी १९५० साली इथे कॉलेज सुरू केलं आणि नागसेनवनात खेड्यापाड्यांतून आलेली मुलं शिकता शिकता लिहू लागली. पुढे प्रा. गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' त्रैमासिक चालवलं, त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. नाव नीट ऐका, लेखकाच्या जोडीला वाचक! ज्याच्यासाठी लिहिलं तोच समोर बसलेला. सर २०१८ साली गेले. त्या मेळाव्यांच्या मानाने आमची बैठक अगदीच घरगुती, पण ऐकणारा समोर बसवायचा हे आम्ही तिथूनच उचललं.

म्हणून आमच्यात काहीही न लिहिणाऱ्या दोन मावशी आहेत. एकदा एक भीमगीत फार रंगलं, ढोलकीनं खोली दणाणली, आम्ही टाळ्या पिटल्या. मावशी म्हणाल्या, "बाजा झकास होता, पण बाबासाहेबांनी काय केलं ते काही ऐकू आलं नाही." गायकाचं तोंड उतरलं. पुढच्या महिन्यात मात्र शब्द न् शब्द ऐकू आला.

पण सगळंच असं गोड झालं नाही. वस्तीतल्या एका तरुण पोरानं बाबासाहेबांचं मोठं चित्र आणलं. ऑइल कलरमधलं, दोन महिने रात्री जागून केलेलं. चित्र उघडताच आम्ही सगळ्यांनी हात जोडले. आता हात जोडल्यावर चूक कोण काढणार? शेवटी एक जुने पेंटर म्हणाले, "डोळे साधलेत, पण चष्म्याची काडी कानावर टेकलीच नाही. चष्मा हवेत आहे." खोलीत एकच गलका झाला. बाबासाहेबांच्या फोटोत खोट काढता? पेंटरकाका म्हणाले, "बाबासाहेबांत नाही काढली. काडीत काढली." काहीजण हसले, आम्हीही हसलो. पोरानं चित्र गुंडाळलं आणि तो गेला. तीन महिने आला नाही.

काका खरं बोलले होते यात शंका नाही. तरी घरी गेल्यावर आम्हाला चैन पडेना. फ्लेक्स आल्यापासून हातानं रंगवणारे आधीच थोडे उरलेत, त्यातला एक आम्ही हसून घालवला होता.

वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, समारोपाला खीर वाटतो. भिक्खू संघात त्या दिवशी आणखी एक गोष्ट होते, तिचं नाव पवारणा. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना विनंती करतात की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तशी शंका आली असेल, तर अनुकंपेनं सांगा. ही विनंती सगळ्यांत आधी थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू करतात, नवखे त्यांच्यानंतर. आणि सांगणाऱ्यानंही आधी स्वतःला तपासायचं असतं. वेळ योग्य आहे का, बोलणं खरं आहे का, सौम्य आहे का, हिताचं आहे का, मनात मैत्री आहे का. काकांचं बोलणं खरं होतं, हिताचंही होतं. बाकीच्या तिन्हींत आम्ही सगळेच नापास! आणि मुख्य म्हणजे त्या पोराला कुणी विचारलंच नव्हतं, "सांगू का रे?"

तेव्हापासून आम्ही क्रम उलटा केला. आधी वयानं मोठे असतील त्यांनी आपलं काम मांडायचं आणि तोंडानं म्हणायचं, "माझं काय चुकलं ते सांगा." पहिल्या रविवारी पेंटरकाकांनी स्वतः रंगवलेली एक जुनी पाटी आणली. चाळीस वर्षं ब्रश धरलेला माणूस, पण "सांगा" म्हणताना आवाज कापत होता. आम्ही तिच्यात चार चुका काढल्या. पाचवी दाराबाहेरून आली. तो पोरगा चपला न काढता उंबऱ्याशी उभा होता. म्हणाला, "काका, 'र'चा काना वाकडाय." काका म्हणाले, "खरंय. ये, बस."

पुढच्या बैठकीला त्यानं तेच चित्र परत आणलं आणि स्वतःहून विचारलं. काडी आता कानावर आहे. चित्र आज तुमच्या उजव्या हाताच्या भिंतीवर लावलंय. वंदन झालं की जरा जवळ जाऊन बघा. कोटाच्या डाव्या बाहीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. पोरगा तिथेच खांबाजवळ उभा आहे आणि आज तुम्हाला विचारायची त्याची तयारी आहे. पुढची बैठक शेवटच्या रविवारी, वंदनेनंतर लगेच. खिडकीतून ऐकण्यापेक्षा आत या.

नमो बुद्धाय, जयभीम!