आधी ऐकणे, मग सांगणे



नापिकी आणि कर्ज यांनी खचलेला शेतकरी अनेकदा घरातही बोलेनासा होतो. २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हा होता. परंतु पैशाने मनावरचे ओझे उतरतेच असे नाही. म्हणूनच राज्य शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. वर्ध्यासह चौदा जिल्ह्यांत समुपदेशन आणि आशाताईंची घरोघरची विचारपूस यांची जोड उपचारांना मिळाली.

जाणता समुपदेशक उपदेशाने आरंभ करीत नाही. तो शांतपणे शेजारी बसतो, अश्रूंना वाट देतो, मध्येच तोडत नाही. मग सरळ विचारतो, “जीव द्यावासा वाटतो का?” अशा विचारण्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कोंडलेले दुःख मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

समुपदेशक प्रत्येक गावात नसेल. आपुलकीने ऐकून घेणारा शेजारी मात्र प्रत्येक गावात असू शकतो. समाजाचे कर्तव्य तेथूनच सुरू होते.