परगावी जाताना पोपट कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या पत्रकात आमच्या नावापुढे हा विषय छापून आला, तेव्हा गावात थोडी करमणूक झाली असे आमच्या कानी आले आहे. ज्या गृहस्थाने तीस वर्षांत मजुरी, बोनस आणि ग्रॅच्युइटी यांपलीकडे चार शब्द काढले नाहीत, तो पोपटावर काय बोलणार? एक स्नेही तर म्हणाले, युनियनवाल्यांना पोपटपंचीची सवय असतेच, त्यांना तयारी कशाला हवी? ते बोलणे आम्ही मनावर घेतलेले नाही. आमचे शिक्षण बेताचे. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीतील कपाटात सापडले ते. तेव्हा पक्षिशास्त्राचे प्रवचन आमच्याकडून होणार नाही. परंतु आता शाळांना सुट्ट्या लागतील, कोणी आजोळी जाईल, कोणी कोकणात, कोणी तीर्थयात्रेला. आणि येवल्यातील कित्येक घरांच्या ओसरीवर एक पिंजरा मागे राहील. त्या पिंजऱ्यातील जिवाचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या दृष्टीने कामगारांचाच प्रश्न आहे. तो कसा, हेच आज सांगावयाचे आहे.

आपले गाव पोपटांचे आहे, हे येथे वेगळे सांगायला नको. पैठणीच्या पदरावर मोर आहे, कमळ आहे, आसावली आहे, तसाच राघूही आहे. काठातील इवल्या हिरव्या पोपटाला आपण मुनिया म्हणतो. मागावर बसलेला माणूस तो पोपट एकेक धागा मोजून विणतो. विणून झाला की त्याला दाणा लागत नाही, पाणी लागत नाही, आणि धनी पंढरपुरास गेला तरी त्याचे काही अडत नाही. जिवंत पोपटाचे सारेच उलट आहे.

जुन्या वाङ्मयात तर आणखी मौज आहे. संस्कृतातील शुकसप्तती आणि आपल्या मराठीतील शुकबहात्तरी कित्येकांनी वाचली असेल. त्यात धनी व्यापारासाठी परदेशी जातो आणि घरी त्याची पत्नी प्रभावती व एक पोपट राहतात. प्रभावती रात्री घराबाहेर पडू लागली की पोपट तिला एक गोष्ट सांगून थांबवतो. असे सत्तर रात्री चालते. पुढे हीच कथा चौदाव्या शतकात नख्शबीने फारसीत तूतीनामा म्हणून लिहिली. म्हणजे या पुस्तकांत धनी गावाला गेला की पोपट घर सांभाळतो! पण पोपटाला कोण सांभाळत होते? त्याच्या वाटीत पाणी कोण घालत होते, पिंजरा कोण झाडत होते? बहुधा घरातील एखादी दासी. तिचे नाव आम्हांला त्या कथेत आढळले नाही. आमच्यासारख्या माणसाची नजर नेमकी तेथेच अडते.

आता आमच्या घरची हकिगत सांगतो.

आमचे वडील मुंबईला गिरणीत कामाला होते आणि आम्ही लालबागेत चाळीत राहत होतो. खोलीबाहेर गॅलरीत एक पिंजरा टांगलेला असे. त्यात गळ्याला गुलाबी कंठ असलेला एक राघू. त्या काळी पक्षी बाजारात उघड विकत मिळत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार बंद झाला तसे लोक आपापल्या गावी जाऊ लागले. आमच्या आईचे माहेर येवल्याचे, घरी हातमाग. तेव्हा आम्हीही निघालो. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. पिंजरा गाडीच्या गर्दीत नेणे अवघड म्हणून वडिलांनी तो शेजारच्या खोलीत नेऊन दिला. ते म्हणाले, "वहिनी, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, काळजी करू नका. आमच्या पोरांत राहील." बस्स, एवढाच करार झाला. मनमाडला उतरून एस. टी.ने आम्ही येवल्यास आलो.

त्या पंधरा दिवसांचे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. संप दीड वर्षाहून अधिक चालला आणि रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. येथे आई कांड्या भरू लागली, वडील चाळिशीला टेकले असताना मामांच्या हाताखाली माग शिकू लागले. काकूंच्या मोठ्या मुलाचे महिन्याला एक कार्ड येई. त्यात गिरणीची बातमी असे, आणि शेवटच्या ओळीत 'पोपट मजेत आहे' असे असे. आम्ही ती ओळ पुन्हापुन्हा वाचत असू.

दिवाळीपूर्वी वडील मुंबईला जाऊन आले. पोपट एप्रिलमध्येच मेला होता. काकूंचे यजमानही संपातच होते. काकू चार घरची धुणीभांडी करू लागल्या होत्या आणि मुले दिवसभर बाहेर. खोलीला सकाळी कुलूप लागे ते संध्याकाळी निघे. एके दिवशी पाण्याची वाटी कलंडली असावी. काकू वडिलांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे चूल पेटते की नाही ठाऊक नव्हतं. त्यात हे कसं कळवायचं?" पुढली सहा कार्डे त्यांनी मुलाला सांगून लिहवून घेतली होती.

आम्ही त्या वेळी फार रडलो आणि काकूंना मनात पुष्कळ बोल लावले. पुढे संघटनेच्या कामात पडल्यावर हळूहळू ध्यानात आले की दोष आमच्या घरचा होता. आम्ही एका संपकऱ्याच्या बायकोवर एक जीव सोपवला. डाळीला, पेरूला एक रुपया ठेवला नाही. ती घरी नसेल तेव्हा कोण पाहील हे विचारले नाही. आणि पंधरा दिवसांचे पंधरा महिने झाले तर काय, याचा विचारच केला नाही. कारखानदाराने असे केले असते तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती.

अकबर बादशहाच्या पोपटाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जो कोणी पोपट मेल्याचे सांगेल त्याचे डोके उडवीन, असे बादशहाने बजावले होते. पोपट मेला, राखणदार घाबरला, आणि बिरबलाने पोपट खात नाही, पीत नाही, हलत नाही असे सांगून बादशहाच्याच तोंडून ते वदवले. लोक बिरबलाच्या चातुर्याला हसतात. आम्हांला त्या राखणदाराची दया येते. पोपट चार दिवस आधी मलूल झाला असेल, तेव्हाच त्याने का सांगितले नाही? कारण सांगायची सोयच नव्हती.

आणि पोपटाच्या बाबतीत वेळेवर सांगण्याला फार महत्त्व आहे. हा थव्याचा पक्षी. रानात जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकारी पक्षी पहिली झडप घालतो, म्हणून आजार लपवणे त्याच्या रक्तातच आहे. पिसे फुगवून दिवसभर बसला, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी उतरला, तर आजार पुष्कळ पुढे गेला असे समजावे. लहान पक्षी एक दिवस जरी काही न खाता राहिला तरी तो संकटात आहे. 'उद्या बघू' म्हणायला तेथे वाव नसतो.

हे सांगत असताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमच्यावर चुकीचा सल्ला दिल्याचा आळ येईल. आपला देशी राघू किंवा खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट पिंजऱ्यात ठेवणे आज गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद आहे, आणि २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे. कोणाच्या घरी असा राघू असेल तर गावाला जाण्याच्या घाईत त्याला गच्चीवरून सोडून देऊ नये. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेल्या पक्ष्याला रानात पोट भरता येत नाही. वनविभागाला कळवून त्यांच्या हाती द्यावा. आमच्या बालपणीचा राघू आज असता तर आम्हांलाही तेच करावे लागले असते. आता घरोघर दिसतात ते परदेशी वंशाचे: बाजारात सरसकट लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे बजरीगर, तुरेवाले कॉकाटील, आणि ऐपतवाल्यांकडे आफ्रिकेचा राखी पोपट, जो चाळीस-पन्नास वर्षेही जगतो. परदेशी जातींपैकी काहींची सरकारदरबारी नोंद करावी लागते. आपला पक्षी त्यात मोडतो का, हे विचारून घ्यावे.

बरोबर न्यावा का, असे कोणी विचारील. मार्च २०२४ मध्ये बंगळूरहून म्हैसूरला निघालेल्या एका आजीला आणि नातीला त्यांच्या चार लव्हबर्डांसाठी तेथील सरकारी बसच्या वाहकाने ४४४ रुपयांचे तिकीट फाडून दिले. एकेकाचे १११ रुपये, मुलांच्या दराने. लोकांनी त्या वाहकाची थट्टा केली. आमचे मत असे की त्याने निदान त्यांना प्रवासी तरी मानले! तरीपण आपल्या वैशाखात, एस. टी.च्या गर्दीत पिंजरा मांडीवर घेऊन जाणे हे पक्ष्याच्या जिवावरचे काम आहे. घरीच ठेवावा.

तो ठेवताना शेजारणीच्या भिडेचा फायदा घेऊ नये. भिडस्त माणूस 'नाही' म्हणत नाही, आणि मग दिवसाकाठी एकदाच पिंजऱ्याकडे फिरकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीवर जातो. सकाळी भरलेली वाटी दुपारी घाण झालेली किंवा कलंडलेली असते. म्हणून दोन वाट्या, आणि सकाळी व दुपारी अशा दोन पाळ्या. दुपारच्या पाळीला बदली माणूस हवा, त्याचे नाव आधी ठरलेले हवे. पक्षी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत असेल तर उन्हाचा त्रास आहे. सावलीत न्यावा, पण कुलरच्या थेट झोतात ठेवू नये. स्वयंपाकघरात तर मुळीच नको. न चिकटणारा तवा रिकामा तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि माणसाला वासही येत नाही. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, खारट शेव हे लाडाने भरवू नये. मिरची मात्र खुशाल द्यावी. तिचा तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. राखणाऱ्याने पिंजऱ्याचे दार पाहुण्या मुलांच्या हौसेखातर उघडू नये. वर पंखा फिरत असतो, खिडकी उघडी असते आणि बाहेर मांजर असते.

मुंबई-पुण्यास पैसे घेऊन पक्षी सांभाळणारे मिळतात. तेथे दहा घरचे पक्षी एकत्र येतात, आणि एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. तेव्हा पिंजरे वेगळ्या खोल्यांत असतात का, हे पाहून यावे. आमची पसंती शेजाऱ्यालाच, पण मोबदला देऊन. दाण्याचे पैसे वेगळे, श्रमाचे वेगळे, आणि डॉक्टरकडे न्यावे लागले तर खर्चाचे आणखी वेगळे, पाकिटात घालून. न विचारता डॉक्टरकडे नेण्याचा अधिकार त्याला आधीच द्यावा. निघण्यापूर्वी चार दिवस त्यालाच दाणा घालू द्यावा, म्हणजे दोघांची ओळख होते. पोपटाला ओळख लागते. घर एकदम सुने झाले तर काही पोपट स्वतःची पिसे उपटू लागतात.

आमच्या घरी सध्या दोन कॉकाटील आहेत, सुनेने आणलेले. येत्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब बारा दिवस बाहेर जात आहोत. शेजारची मुलगी कॉलेजात जाते, ती सकाळी पाहील. तिची आजी दुपारी. दोघींची मजुरी ठरली आहे. आजींनी प्रथम नको म्हटले, मग आम्ही कामगारांच्या हक्कांवर अर्धा तास बोललो, तेव्हा कंटाळून कबूल झाल्या. परत यायला उशीर झाला तर तेराव्या दिवसापासून पक्षी आमच्या धाकट्या भावाकडे जातील, हेही ठरले आहे. सारे एका कागदावर लिहून पिंजऱ्याशेजारी भिंतीवर लावले आहे. कागदाची शेवटची ओळ अशी: 'मेला तर त्याच दिवशी फोन करावा. आम्ही काही म्हणणार नाही.'

मुलगी ते वाचून म्हणाली, "काका, हे अभद्र कशाला लिहिलंत? खोडून टाका." आम्ही तिला लालबागची हकिगत सांगितली. तिने मग कागद तसाच राहू दिला, आणि खाली पेनाने आपला व आजीचा फोन नंबर लिहिला.