मुंबईचे पँथर आणि आपली जमीन

(मालेगाव तालुक्यातील युवक शिबिरात केलेलं बोलणं, बुलेटिनसाठी लिहून काढलं आहे.)



दिवाळीनंतर शहरातले चार पोट्टे आपल्या काही गावांत येऊन गेले. त्यांनी पत्रकं वाटली आणि पारावर बसून जोरात बोलले. अर्ज-विनंत्या बंद करा, जमीन हिसकून घ्या, असं त्यांचं म्हणणं. आपल्या पोरायले ते लई पटलं. पटणारच. तुरीच्या उभ्या पिकात गाडी घालून पीक मोडलेलं ज्यानं पाहिलं, त्याचं रक्त तापल्याशिवाय राहत नाही. पण एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "हे पोरं पेरणीच्या टायमाले असतीन का इथं?" त्यावर कोणीच बोललं नाही. म्हणून आज आम्ही ह्याच विषयावर बोलतो. शहरातल्या लढाऊ तरुणांचं काय घ्यावं आणि काय सोडावं, हे ठरवायला आपल्याच महाराष्ट्रातला दाखला आहे.

1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही त्यातली नावं. सगळे वीस-तीस वर्षांचे. कोणी टॅक्सी चालवत होता, कोणी वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात राहत होता. अमेरिकेत काळ्या लोकांच्या तरुणांनी 1966 ला ब्लॅक पँथर काढली होती, तिच्यावरून यांनी नाव घेतलं. त्या वर्षी दुष्काळ होता. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दलित बायांची नग्न धिंड निघाली होती, आणि इकडं सरकार स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं साजरी करत होतं. तेव्हा 15 ऑगस्टला ह्या पोरांनी मुंबईत काळा स्वातंत्र्यदिन पाळला. मंत्र्यासमोर हात जोडणारे पुढारी लोकायनं पाहिले होते, असे पोरं नव्हते पाहिले.

त्याची किंमतही त्यांनी दिली. जानेवारी 1974 मध्ये वरळीला सभेवर दगडफेक झाली, दंगल पेटली. पाच दिवसांनी निघालेल्या मोर्चावर वरून दगड टाकला, त्यात भागवत जाधव नावाचा तरुण मेला. त्याच महिन्यात पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कार घातला आणि काँग्रेसचा उमेदवार पडला. मुंबई हलवली त्यांनी, ते खोटं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. 1974 सालीच धाकली गावात गवई बंधूंचे डोळे काढले गेले. घरच्या पोरीला फसवलं म्हणून त्यांनी जाब विचारला होता, एवढाच त्यांचा गुन्हा. धाकली अकोला जिल्ह्यात येते, आणि तेव्हा आपण सगळे अकोल्यातच होतो. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 चा. गावात कोणाची बोलायची छाती नव्हती. पँथरच्या पोरांनी त्या दोघा भावांना मुंबईला नेऊन पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर उभं केलं. मग प्रकरण दाबता आलं नाही. शहराचा हा उपयोग आहे आणि आम्ही तो मानतो. आपलं ओरडणं तालुक्याच्या पुढं जात नाही, त्यांचं दिल्लीला ऐकू जातं.

पण पुढचं ऐका. 1973 साली पँथरचा जाहीरनामा निघाला. दलित कोण? तर अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, बाया, सगळे पिळले गेलेले. म्हणजे त्यात आपण होतो. आंध, पारधी, कोलाम, सगळे. अन् भांडण झालं ते ह्याच्यावरच. ढसाळांची बाजू म्हणे ही सगळ्या कष्टकऱ्यांची लढाई. ढालेंची बाजू म्हणे हा कम्युनिस्टांचा जाहीरनामा, आम्ही बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या वाटेनं जाणार. 1974 मध्येच संघटना फुटली. 1977 च्या मार्चमध्ये ढाले-पवारांनी आपल्या बाजूची पँथर बरखास्त केली, बाकीचे वेगळं नाव घेऊन चालत राहिले. कोण बरोबर, कोण चूक, तो न्याय आम्ही करत नाही. आम्हाला एवढंच दिसतं की आपलं नाव कागदावर आलं, त्यावरून मुंबईत भांडण झालं, आणि त्या भांडणात आपल्याला कोणी विचारलंच नाही. विचारणार तरी कसं, आपला माणूसच तिथं नव्हता.

दुसरा दाखला शहाद्याचा. तोही आता नवा जिल्हा, नंदुरबार, आपल्याच दिवशी झालेला. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला भिल्लांवर जमीनदारांनी गोळ्या झाडल्या. अंबरसिंग महाराज हे तिथले स्वतः भिल्ल पुढारी, लोकायले त्यांनीच गोळा केलेलं. मुंबई-पुण्याकडचे शिकलेले डावे तरुण, मागोवा गटाचे वगैरे, त्यानंतर तिथं गेले. मार्क्स वाचलेले, इंजिनिअर झालेले सुद्धा होते. ते राहिले. भिल्लांच्या घरी भाकर खाल्ली, त्यांची बोली शिकले. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सावकारात आणि बड्या शेतकऱ्यांकडं गेलेल्या जमिनी परत मागितल्या, सालदारांची मजुरी वाढवून घेतली, आणि बायांनी दारूचे अड्डे फोडले. आमच्या मते ते टिकलं, कारण पहिला माणूस गावचा होता आणि बाहेरचे त्याच्यामागून आले. तरीही तिथल्याच वाहरू सोनवणे ह्या भिल्ल कार्यकर्त्यानं पुढं कवितेतून विचारलंच, की स्टेजवर आम्ही कुठं आहोत.

म्हणून शहरातला कोणी आला तर त्याला हाकलू नका. चहा पाजा, भाकर द्या, त्याचं वाचलेलं ऐकून घ्या. पण पत्रकावर गावाचं नाव टाकायचं असंन तर आधी गावाची बैठक. अंगठा कोऱ्या कागदावर नाही. आणि हिसकून घ्या म्हणणाऱ्याला विचारा: केस झाली तर वाशिमच्या कोर्टात तारखेला तू येशील का? पँथरच्या पोरांवर ढीगभर केसेस झाल्या, त्या त्यांनी स्वतः झेलल्या. आपल्याकडं बोलणार एक अन् जेलात जाणार दुसरा, असं होऊ देऊ नका. जमीन मागितली की नक्षल म्हणायला लोक टपलेलेच आहेत.

अन् कागदाला हसू नका. आपल्या बापानं भरलेली दंडाची पावती हे आपलं हत्यार आहे. वनजमिनीवरचं 31 मार्च 1978 पर्यंतचं अतिक्रमण कायम करायचा निर्णय सरकारनंच 1978 च्या डिसेंबरात काढला. ई-क्लास जमिनीवर मागासवर्गीय भूमिहीनाचं 14 एप्रिल 1990 पर्यंतचं अतिक्रमण कायम करायचा निर्णय 1991 चा. हे निर्णय मोर्चे काढल्यामुळंच निघाले, पण सातबारा ज्याच्याकडं पुरावा त्याचाच होतो. कितीतरी पावत्या उंदरांनी खाल्ल्या, कितीतरी घरं गळून भिजल्या.

पुढच्या बाजाराच्या आत प्रत्येक घरानं ट्रंका, पत्र्याचे डबे उघडून पाहावे. जुनी पावती, नोटीस, तलाठ्याकडच्या अतिक्रमण नोंदीची नक्कल, काय सापडंन ते आणा. काहीच नसंन तर बांध कोणी घातला, विहीर कधी खोदली हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन या. आम्ही नावं लिहायला बसतो. लिहिता येणाऱ्या पोरींनी वही-पेन आणावा, पोरं कमी पडतात.