छप्पर आणि जमाखर्च
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षं आपण मेंटेनन्सचा पै-पैचा हिशोब बघतो आहोत. तसाच आणखी एक हिशोब. बेघराला फुकट घर दिलं, तर सरकारचा पैसा वाचतो का?

फिनलंडने 2008 पासून ‘आधी घर’ हे धोरण राबवलं. तिथे दवाखाना, पोलीस, तात्पुरते निवारे यांवर आधीच बराच खर्च व्हायचा. म्हणून घर दिल्यावर काही वाचलं. आपल्याकडे बेघरावर खर्चच कमी, मग वाचणार किती? उलट खर्च वाढेल, हे मोकळेपणाने मान्य करू.

पण जमेची बाजूही असते. आपल्या वर्ध्याजवळचं दत्तपूर बघा. घराबाहेर काढलेल्या कुष्ठरोग्यांसाठी मनोहरजी दिवाणांनी, विनोबांच्या प्रेरणेने, 1936 मध्ये तिथे काम सुरू केलं. निवारा मिळाला, औषध मिळालं, शेती-सूतकताई मिळाली. भीक मागणारे हात कामाला लागले.

शहरात लाख वस्तीमागे एक बारमाही निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. उद्या तो आपल्या गल्लीत आला, तर आमसभेत विरोधाचा ठराव आणू नका. एवढीच विनंती.